साठ फूट सहा इंच

टूवूंबा,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही बरे आहोत. फोनवर हे बोलता येत नाही. फोनवर सेरेनाचा विषय काढला की तुझा आवाज बदलतो आणि तू मेलबर्नच्या थंडीबद्दल बोलायला लागतेस. ती खोलीत आहे हे मला कळतं.

माझी मुलगी तुझ्याकडे राहायला गेली त्याला अडीच वर्षं झाली. एवढ्या काळात तिचा आवाज मी दोनदा ऐकला, दोन्ही वेळा क्रिस्टीना आणि ती, मायलेकी फोनवर बोलत असताना, दाराआडून. क्रिस्टीनाला विचारलं तर म्हणते, "बरी आहे." पुढे काही नाही. मग मी तिच्या क्लबची वेबसाइट उघडतो. पहिल्या वर्षी नावच नव्हतं, मला वाटलं तिने बेसबॉल सोडला. गेल्या सीझनला दिसलं: एस. लोपीस, पिचर म्हणजे बॉल टाकणारी, अकरा इनिंगमध्ये फक्त चार रन दिले. जेवते का, झोपते का, हे त्या वेबसाइटवर नसतं.

तुला तिने काय सांगितलंय माहीत नाही, म्हणून माझी बाजू लिहितो. ब्रिस्बेनची फायनल आम्ही एका रनने हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मागच्या अंगणात नेलं. कपड्यांच्या दांड्यापासून शेडच्या भिंतीपर्यंत बरोबर साठ फूट सहा इंच आहेत, पिचर आणि बॅटरमधलं अंतर असतं तेवढेच. ती नऊ वर्षांची असताना मी ते टेपने मोजून खुणा केल्या होत्या. ती म्हणाली, कोपर दुखतंय. मी म्हटलं, दुखणं डोक्यात असतं, अजून तीस बॉल टाक. तिने तीस टाकले, एकही चुकला नाही. मग आत जाऊन बॅग भरली.

एवढंच झालं. यात घर सोडण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

तिला सांगू नकोस मी लिहिलंय ते.

तुझा,
लिओ


ग्लेन वेव्हर्ली,
१ सप्टेंबर २०२४

प्रिय लिओ,

यापुढे पत्र लायब्ररीच्या पत्त्यावर पाठव, खाली लिहिलाय. घरी आलं तर पाकिटावरचं अक्षर ती ओळखेल. मी तिथे अजून आठवड्यातून तीन दिवस जाते, माझं टपाल कोणी बघत नाही.

जेवते. झोपते. युनीचं शेवटचं वर्ष आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस शाळेतल्या मुलांना खेळ शिकवायला जाते. क्रिस्टीनाने पाठवलेला बॉटल मसाला ती माझ्यापासून लपवून ठेवते, कारण मी तो हात सैल सोडून वापरते असं तिचं म्हणणं. केस कापलेत. चांगले दिसतात, तुला आवडणार नाहीत.

भांडणाबद्दल मी काही बोलणार नाही. तुझी बाजू वाचली, एवढंच.

आज फादर्स डे. सकाळपासून तिने फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. मग म्हणाली, "आत्या, चल, एपिसोड बघू." तुम्ही बघायचात ते जपानी कार्टून तिला इंटरनेटवर सापडलंय, बाप मुलाला पिचर बनवतो ते. रोज संध्याकाळी चहाबरोबर एक एपिसोड. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्या बापाचा मला राग येतो आणि तो खोकायला लागला की वाईटही वाटतं.

माझ्या गुडघ्याची चौकशी तू केली नाहीस. दोन हिवाळ्यांपूर्वी क्रिस्टीना महिनाभर येऊन राहिली म्हणून मी चालते-फिरते आहे.

बर्नाडेट


टूवूंबा,
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? विचारायचं राहिलं, चूक झाली.

तू कार्टूनचं लिहिलंस आणि मी दोन दिवस दुसरं काही करू शकलो नाही. आम्ही इथे आलो तेव्हा सेरेना आठ वर्षांची. शाळेत कोणी तिच्याशी बोलायचं नाही, बसस्टॉप अर्धा तास लांब, आणि आमच्याकडे अजून गाडी नव्हती. हॉस्पिटलमधला एक जपानी सहकारी मायदेशी परत चालला होता, त्याने डीव्हीडींचा खोका मला दिला. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून तिला मराठीत सांगायचो. बापाचं बोलणं मी बोलायचो, मुलाचं ती बोलायची. ती स्वतः वाचू शकत होती तरी कितीतरी महिने म्हणायची, "डॅडी, तुम्ही सांगा."

तुला आठवत असेल, एकोणिसाव्या वर्षी मी राज्याच्या सॉफ्टबॉल टीममध्ये निवडला गेलो होतो. पप्पांनी स्पर्धेला न पाठवता परीक्षेला बसवलं. मी बसलो, पास झालो, आणि आज एक्स-रे काढतो. तक्रार नाही. पण त्या कार्टूनमधला बाप उजाडायच्या आत पोराला उठवून भिंतीतल्या भोकातून बॉल टाकायला लावायचा, ते बघताना मला वाटलं होतं की मला असा बाप असता तर. तेराव्या वर्षी सेरेना शंभरच्या वेगाने टाकत होती. अठराव्या वर्षी ताशी एकशे अठरा किलोमीटर. क्वीन्सलंडमध्ये दुसरी मुलगी नव्हती तशी.

एक विचारतो. वेबसाइटवर वेग देत नाहीत. आता किती टाकते? तिला आडून विचारून कळव.

शनिवारी सकाळी मी हल्ली कामात असतो, म्हणून पत्राला उशीर होतो.

तुझा,
लिओ


ग्लेन वेव्हर्ली,
१ डिसेंबर २०२४

प्रिय लिओ,

वेगातलं मला काही कळत नाही. बॉल इकडून निघतो आणि तिकडे पोचतो, एवढं मी बघते.

बातमी ही की तिची व्हिक्टोरियाच्या टीममध्ये निवड झाली. एप्रिलमध्ये सिडनीला सगळ्या राज्यांची स्पर्धा आहे, आणि तिथूनच जपानला जाणारी ऑस्ट्रेलियाची टीम निवडणार म्हणे. निवडीचा ईमेल वाचून ती मागच्या पायरीवर एकटी जाऊन बसली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "आत्या, ही बातमी आधी कोणाला सांगायची असते, ते मला कळेना." मी म्हटलं, मला सांगितलीस ना. ती हो म्हणाली. पण आम्ही दोघी तुझाच विचार करत होतो.

कार्टून संपलं. शेवटी मुलगा बापाचं घर सोडतो, समुद्राकाठच्या एका गावातल्या छोट्या टीमकडून खेळतो, आणि बाप रेडिओवर ऐकतो. बास, तिथेच संपतं. मी रडले. सेरेना टीव्हीकडे बघत राहिली. म्हणाली, "हे मी पहिल्यांदा बघितलं. डॅडी म्हणायचे शेवटच्या डिस्क खराब आहेत."

खरंच खराब होत्या का, लिओ?

बर्नाडेट


टूवूंबा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

खराब नव्हत्या. मी त्या आधी एकट्याने बघितल्या होत्या. मुलगा घर सोडतो ते तिला दाखवावंसं वाटलं नाही. अजून गॅरेजमध्ये आहेत.

निवडीचं वाचून मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. क्रिस्टीनाला आधीच माहीत होतं. आम्ही दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही, तिनेही तिची वेगळी लावली.

आता मी लपवलेलं सांगतो. शनिवारी मी शाल्मलीला शिकवतो. आमच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर शिरीषची मुलगी, एकोणीस वर्षांची, बॅटर. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला, "लिओनार्ड, तू सेरेनाला घडवलंस, हिला जरा बघ." मी नाही म्हणणार होतो. पण पोर चांगली आहे, ऐकून घेते, आणि हसते फार. ती क्वीन्सलंडच्या टीममध्ये आली आणि त्यांनी बॅटिंग सांभाळायला मलाही घेतलं. म्हणजे एप्रिलमध्ये मी समोरच्या बाकावर असेन.

अजून एक आहे. क्लबने मला बॉल फेकायचं जुनं मशीन दिलंय. ते मी अंगणात सेरेना उभी राहायची त्याच खुणेवर ठेवलंय. वेग एकशे अठरा. ती सोडायची तेवढ्याच उंचीवर, तिचा बॉल शेवटी जरा उजवीकडे वळायचा तितकंच तिरकं. हे जुळवायला मला तीन आठवडे लागले. शाल्मली आता दहातले सहा मारते. तिला वाटतं मी तिच्यासाठी एवढी मेहनत घेतो.

ताई, ती घरी गेल्यावर मी मशीन लगेच बंद करत नाही. शेडच्या भिंतीवर बॉल आदळतो तो आवाज तोच आहे. क्रिस्टीना खिडकी लावून घेते.

मी चूक करतोय का? मोकळेपणाने लिही.

लिओ


ग्लेन वेव्हर्ली,
१६ फेब्रुवारी २०२५

लिओ,

तुझं पत्र महिनाभर पर्समध्ये ठेवून फिरले. दोनदा उत्तर लिहून फाडलं.

रागावले, हे खरं. स्वतःच्या मुलीला हरवायला तू दुसऱ्याची मुलगी तयार करतोस, असं पहिल्यांदा वाटलं. मग मशीनचं परत वाचलं आणि राग कुठे धरायचा ते कळेना.

शेवटी मी तिला सांगून टाकलं. आपल्या पत्रांचंही. मला दोन्हीकडचं पोटात ठेवून जगता येत नाही, माझं वय झालं. ती भांडी पुसत होती. विचारलं, "मशीन कितीवर लावलंय?" मी म्हटलं, एकशे अठरा. ती बराच वेळ तेच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांना तयारी करू दे. No worries."

आणि मला शपथ घातली आहे. कसली, ते विचारू नकोस. सिडनीला मी येणार नाही. तिथे बसून मला कोणाकडे बघायचं ते ठरवता येणार नाही.

तब्येत सांभाळ.

बर्नाडेट


केलीव्हिल, सिडनी,
१३ एप्रिल २०२५

ताई,

शिरीषच्या भावाकडे उतरलोय. क्रिस्टीना मिसाला गेली आहे, आज झावळ्यांचा रविवार. मी डोकं दुखतं सांगून मागे राहिलो.

काल मॅच झाली. क्रिस्टीना माझ्याबरोबर विमानाने आली, पण मैदानात शिरताच म्हणाली, "मी तिकडे बसते," आणि पर्समधून व्हिक्टोरियाची निळी टोपी काढून घातली. मला त्या टोपीचं माहीत नव्हतं.

चौथ्या इनिंगला सेरेना आली. तिला चालताना बघितलं आणि मी हातातला कागद उलटा धरलाय हे मला शेजारच्याने सांगितलं. केस खरंच कापलेत. आम्ही दोन रनने पुढे होतो, आमच्या दोन जणी बेसवर, म्हणजे रन काढायच्या बेतात, आणि शाल्मली बॅटिंगला. मी तिला सांगितलं, "पहिलाच बॉल मार. वेग तुझ्या ओळखीचा आहे."

सेरेनाने हात मागे नेला, पाय उचलला, सगळं तसंच, मी शिकवलेलं. आणि तिच्या हातातून जो बॉल निघाला तो मी ओळखला नाही. हळू, ताई. ऐंशीसुद्धा नसेल. फिरतच नव्हता, त्याची शिवण लांबून दिसत होती. तो हवेत जरा डगमगला आणि शाल्मलीच्या बॅटखालून गेला. तिची बॅट कधीच फिरून झाली होती. दुसरा तसाच. तिसरा मागे बॉल धरायला बसलेल्या त्यांच्या कॅचरलासुद्धा नीट धरता आला नाही, तिच्या छातीवर आपटला. तीनदा हुकली, शाल्मली बाद.

ती परत आली ती माझ्याकडे बघतच. "अंकल, हा तो बॉल नाहीये."

मी म्हटलं, "हो."

"It's not even close. तुम्ही म्हणालात तिला तुम्ही शिकवलंय."

मी काय सांगणार? मी ओळखत होतो त्या सेरेनाची मी चार महिने तयारी करून घेतली, आणि ती आलीच नाही. नंतर आमच्या कोणालाच तिचा बॉल कळला नाही. आम्ही हरलो.

मॅचनंतर दोन्ही टीम रांगेत हात मिळवतात. ती प्रत्येकीला "गुड गेम, गुड गेम" म्हणत पुढे येत होती. माझ्यापाशी आली, हात पुढे केला, आणि बाही वर सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला चार बोटं लांबीचा व्रण. मी एकवीस वर्षं एक्स-रेचं काम करतो. तो व्रण कशाचा असतो, आतलं काय तुटल्यावर ते ऑपरेशन करतात, आणि ते एका दिवसात तुटत नाही, हे मला कोणी सांगावं लागत नाही.

ती मलाही "गुड गेम" म्हणाली आणि पुढे गेली.

पार्किंगमध्ये क्रिस्टीनाला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "गाडीत बस, लिओ." पूर्ण रस्ताभर ती माझा हात धरून बसली होती.

तुझा गुडघा कधी दुखतच नव्हता ना?

लिओ


ग्लेन वेव्हर्ली,
२७ एप्रिल २०२५

प्रिय लिओ,

नाही. माझे गुडघे ठीक आहेत, देवाची कृपा.

आता शपथ सुटली. सेरेनाच म्हणाली, "डॅडींनी बघितलं, आता सांग."

ती माझ्याकडे आली तेव्हा तिला कपातला चहा उजव्या हाताने उचलता येत नव्हता. जुलैमध्ये ऑपरेशन झालं. क्रिस्टीना चार रात्री हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपली. डॉक्टर म्हणाले, हे जुनं आहे, तेरा-चौदा वर्षांच्या वयापासून थोडं थोडं होत आलंय. त्या वेळी क्रिस्टीना खोलीबाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

आम्ही दोघी म्हणालो होतो, लिओला कळवू या. सेरेना म्हणाली, "नको. ते एक्स-रे मागतील. बघितल्यावर ते स्वतःला कधी माफ करणार नाहीत, आणि मग मला त्यांना समजवत बसावं लागेल. मला आत्ता तेवढी ताकद नाही." तिला तुझा राग होता, लिओ, खूप होता. पण न सांगण्याचं कारण राग नव्हतं.

वर्षभर तिने बॉलला हात लावला नाही. मग क्लबमधल्या एका म्हाताऱ्या माणसाने तिला नखांनी धरायचा तो बॉल दाखवला. त्यात वेग लागत नाही, कोपराला झटका बसत नाही. माझ्या अंगणात कुंपणावर गादी टांगून तिने तो दीड वर्ष टाकला. माझ्या टोमॅटोंची वाट लागली. पहिल्यांदा नीट पडला त्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, हा मला डॅडींनी शिकवलेला नाही." त्यात आनंद होता, आणि कसलं तरी दुःखही. मी दोन्ही ऐकलं.

आता मला लिहू नकोस. तिला लिही. घरच्या पत्त्यावर.

तुझी ताई


टूवूंबा,
११ मे २०२५

सेरेना,

हे पत्र लिहायला मला दोन आठवडे लागले, आणि लांब लिहिलेलं सगळं फाडलं. त्यात मी तुझ्यासाठी काय काय केलं तेच येत होतं.

माझ्या कामात रोज तीस-चाळीस माणसं येतात. अनोळखी. प्रत्येकाला मी पहिलं विचारतो, "कुठे दुखतंय?" ते दाखवतात, मी हात हलकेच धरून टेबलावर ठेवतो. दारुडा असो, पडलेलं पोर असो, मी कोणाला म्हटलं नाही की दुखणं डोक्यात आहे.

तुला मी कधी विचारलं नाही. तू सांगितलंस तेव्हाही विचारलं नाही.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते लिहिलं की तुला मला समजवावं लागेल, आणि ते तू करायचं नाहीस. फक्त उशिरा विचारतो. कुठे दुखतं?

तुझा बॉल मला कळला नाही. मी तो अजून डोळ्यांपुढे आणतो.

डॅडी


ग्लेन वेव्हर्ली,
१ जून २०२५

प्रिय डॅडी,

मराठीत लिहिते आहे. तिसरीनंतर शाळेत मराठी नव्हती, म्हणून चुका असतील. आत्या म्हणाली, चुकांसकट पाठव.

कोपर आता दुखत नाही. थंडीत सकाळी करंगळीला मुंग्या येतात. खूप लिहिलं की मनगट भरून येतं, आत्तासुद्धा आलंय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. बाकी जे दुखतं ते मला मराठीत लिहिता येत नाही, आणि इंग्लिशमध्ये लिहायचं नाहीये. ते समोर बसून सांगेन. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

जपानची लिस्ट आली. शाल्मली आहे. मी नाही. त्यांना वाटतं माझ्या बॉलचा भरवसा नाही, आणि ते खरं आहे, काही दिवशी तो पडतच नाही. दोन दिवस मी रडले. मग शाल्मलीला मेसेज केला. ती चांगली आहे. म्हणाली, अंकलनी मशीन क्लबला परत दिलं.

मी टूवूंबाला इतक्यात येणार नाही. त्या अंगणात मला अजून उभं राहता येणार नाही. तुम्ही या. जुलैमध्ये मला सुट्टी आहे. मम्मी आत्याच्या खोलीत झोपेल, तुम्हाला सोफ्यावर झोपावं लागेल, तो आखूड आहे. पहिले दोन दिवस बेसबॉलवर बोलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मला कॅचर लागेल. गादीवर टाकून कंटाळा आला, आणि क्लबमधलं कोणी सुट्टीत येत नाही. मोठा ग्लोव्ह आणा. हा बॉल कुठे जाईल ते मलाही माहीत नसतं, म्हणून पहिले दहा-बारा तुमच्या हातातून सुटतील. सुटू द्या. मी परत टाकेन.

सेरेना